लविनियाबाईंची बरणी

काळाच्या ओघात राज्यं जातात, पुतळे पडतात, आणि शेवटी उरतं ते फक्त नाव. समारंभात बोलायला हे वाक्य फार चांगलं आहे. माझा स्वतःचा अनुभव थोडा वेगळा आहे. नाव उरतं खरं, पण कशावर उरावं हे ज्याचं त्याला कोणी विचारत नाही. लविनिया हेल व्हिटकोम ही एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन बाई आमच्या लोणच्याच्या बरणीवर उरली.

बरणी करड्या रंगाची, गुडघ्याएवढी उंच, बाहेरून संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत. एका बाजूला निळ्या रंगात काढलेला पक्षी आहे. ते कबूतर की कोंबडी, यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. पक्ष्याखाली त्याच निळ्या रंगात, वळणदार अक्षरांत, तीन शब्दांचं नाव.

गेल्या ऑक्टोबरात मी माझ्या घरून, हर्नडनहून, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला गेले ती आईला घेऊन यायला. आदल्या हिवाळ्यात ती पोर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरली होती. मनगट मोडलं, आणि शेजारच्या बाईंचं लक्ष जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली होती. बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती. घर विकलं गेलं होतं, महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि आमच्याकडे खालच्या मजल्यावर तिची खोली रंगवून तयार होती. आई मात्र तळघरात बरणीशेजारी स्टूल टाकून बसली होती.

"ही तिच्या माणसांना देते आणि मग येते."

"आई, ती जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली."

"ती गेली असेल. तिची माणसं काय सगळी गेली?"

"आणि नाही सापडली तर?"

"तर इथे सीनियर अपार्टमेंट्स आहेत. मी फॉर्म आणून ठेवलाय."

फॉर्म खरोखरच फ्रीजवर मॅग्नेटखाली होता. निळ्या शाईने अर्धा भरलेला. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात माझं नाव होतं आणि पुढे कंसात 'लांब' असं मराठीत लिहिलेलं होतं.

मी वरून एक खोकं आणलं आणि तळघरातल्या फळीवरचे डबे त्यात भरू लागले. झाकणं उघडली की वास यायचे. हिंगाचा डबा रिकामा होऊन वर्षं झाली असतील, तरी त्याने आपला हट्ट सोडलेला नव्हता.

मी सात वर्षांची होते तेव्हा बाबांना इथे पीएचडीला प्रवेश मिळाला आणि आम्ही पुण्याहून थेट मिशिगनच्या सप्टेंबरात येऊन पडलो. लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठीची ती विटांची बैठी घरं, रेडिएटरमधून येणारा ठणठण आवाज, कॉरिडॉरमध्ये चार देशांच्या फोडण्यांचा एकत्र वास. पानं पिवळी व्हायला लागली होती. आईला ती सगळी झाडं आजारी आहेत असं वाटलं होतं, आणि कोणी काही करत कसं नाही याचं तिला आश्चर्य वाटायचं.

त्या पहिल्या महिन्यात एका रस्त्याच्या कडेला ही बरणी ठेवलेली होती. गळ्यात पुठ्ठा, त्यावर 'फ्री'. बाबांनी ती उचलून बसमध्ये चढवली आणि मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरने विचारलं, आत काय आहे? बाबा म्हणाले, अजून काही नाही. या देशात बाबांनी केलेला तो पहिला विनोद, आणि ड्रायव्हर हसला म्हणून त्यांनी तो पुढे तीस वर्षं सांगितला.

घरी आणून आईने ती धुतली. माती निघाली तसं नाव दिसायला लागलं, आणि ती ओरडली, "अहो, भांड्यावर नाव घातलंय!"

आमच्या पातेल्यांवर, डब्यांवर, फुलपात्रांवर नावं होती. भांड्यांच्या दुकानाबाहेर एक माणूस छोटं यंत्र घेऊन बसायचा आणि टर्रटर्र आवाज करत ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायचा. तो आवाज दाढांत शिरायचा. 'सौ. शैला मोहन दातार' हे नाव मी वाचायला शिकले ते भाताच्या पातेल्याच्या काठावर. परक्या देशात, परक्या मातीच्या भांड्यावर नाव पाहून आईला गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिने लगेच ते वाचून दाखवलं, अगदी आपल्या पद्धतीने. लविनिया हे तिचं. हेल हे नवऱ्याचं. व्हिटकोम आडनाव.

"हेलरावांची बायको," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून घरात हेलराव राहायला आले.

कैऱ्या तेव्हा तिथे मिळत नव्हत्या. आई दुकानात प्रत्येक हिरवं फळ नाकाला लावून परत ठेवायची. शेवटी हिरव्या आंबट सफरचंदांवर तिचा शोध थांबला. ऑक्टोबरात गावाबाहेरच्या बागेत जाऊन आम्ही पिशव्या भरून आणायचो. बागेत सायडरचा आणि कुजक्या पानांचा गोडसर वास असायचा, माश्या थंडीने सुस्तावलेल्या असायच्या. शनिवारी आई फोडी करायला बसली की लांबून विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची गर्जना यायची. लाख माणसं एकदम ओरडतायत आणि आई मोहरी फेसतेय. मला बराच काळ वाटायचं की ती गर्जना मोहरीच्या झणक्यासाठीच आहे.

मीठ, हळद, मेथी, हिंग, गार केलेली फोडणी. बरणीला झाकण नव्हतं. तोंडाला आईच्या जुन्या पांढऱ्या साडीचा दादरा बांधलेला असायचा. ओल्या हाताने जवळ जायचं नाही हा नियम. बाहेर गुडघाभर बर्फ आणि बाबा पुण्याहून नवीन आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला जेवायला घेऊन आलेले. तो बूट काढायचा, चष्म्यावर वाफ धरलेली, आणि पानात लोणचं पडलं की गप्प व्हायचा. जाताना आई त्याला एक बाटली भरून द्यायची. "कुठलं हो काकू?" असं विचारलं की म्हणायची, "लविनियाबाईंच्या बरणीतलं." कित्येकांना ते एखाद्या दुकानाचं नाव वाटायचं.

चैत्रात ॲन आर्बरला चिखल असतो. त्या चिखलातून बायका बूट आणि साड्या अशा वेशात आमच्याकडे हळदीकुंकवाला यायच्या. डाळ असायची, पन्हं मात्र सफरचंदाचं. सगळ्यांना लावून झालं की आई एक बोट हळदीचं आणि एक कुंकवाचं त्या निळ्या पक्ष्याला लावायची. ह्या गावातली आपल्या आधीची सवाष्ण, तिचा मान. पक्षी त्यामुळे हळूहळू कोंबडीकडे झुकू लागला.

मग देशपांडे काकांनी मनावर घेतलं. काका आमच्या मंडळाचे स्वयंनियुक्त इतिहासकार. साध्या फोनवरही ते "हॅलो"ऐवजी प्रस्तावना करत. गणपतीच्या स्मरणिकेत त्यांनी 'मिशिगनची आद्य गृहलक्ष्मी' हा लेख लिहिला. त्यात हेल व्हिटकोम हे यादवी युद्धात धारातीर्थी पडलेले कॅप्टन निघाले, आणि लविनियाबाईंनी वैधव्यात शेती सांभाळून मुलांना वाढवलं. शाळेच्या कॅफेटेरियात त्याचं वाचन झालं आणि कॅप्टन हेल यांच्या स्मृतीसाठी आम्ही सव्वाशे मराठी माणसं एक मिनिट स्तब्ध उभे राहिलो. मग बटाटेवड्याची रांग लागली.

"काका, हे तुम्हाला कुठे मिळालं?" बाबांनी रांगेत विचारलं.

"अहो दातार, पुराव्यांच्या पलीकडेही एक सत्य असतं."

"हो, पण ते कुठल्या लायब्ररीत असतं?"

पुढच्या चैत्रात आईचं बोट पक्ष्यापर्यंत गेलं आणि थांबलं. हळद लावली. कुंकू लावलं नाही.

आम्ही शोध घेतला नाही असं नाही. बाबा निवृत्त झाल्यावर तर तो त्यांचा उद्योगच झाला. जवळपासच्या दफनभूमीत ते दुपारभर फिरायचे, थर्मास घेऊन. व्हिटकोम पुष्कळ मिळाले. एझ्रा व्हिटकोम, ऑरिन व्हिटकोम, दोन विल्यम. हेल व्हिटकोम मात्र कुठेच नाही, ना दगडावर, ना जनगणनेत, ना सैन्याच्या यादीत. सुट्टीत घरी आले की मी विचारायचे, "बाबा, व्हेअर द हेल इज ही?" आणि बाबा म्हणायचे की हेलपाटा हा शब्द ह्या माणसावरूनच आला असणार.

ज्या वर्षी बाबा गेले त्याच्या पुढच्या चैत्रात मी आईकडे होते. हळदीकुंकू तिने केलं नाही. सकाळी आरशासमोर उभी राहून रोजच्यासारखी टिकली लावली, आणि मग तळघरात उतरली. वर आली तेव्हा तिच्या बोटाला कुंकू होतं.

तर, ऑक्टोबर. किल्ल्या द्यायला अकरा दिवस राहिले होते आणि मनगटाची शेवटची तपासणी होती. क्लिनिकच्या खिडकीत जांभळ्या केसांची मुलगी होती. तिने कॉम्प्युटरवर बघत विचारलं, "शैला मोहन दातार. मोहन हे तुमचं लग्नाआधीचं आडनाव ना?"

"नो," आई म्हणाली. "हजबंड. हिज फर्स्ट नेम."

"ओह! तुमचं मधलं नाव तुमच्या नवऱ्याचं पहिलं नाव आहे?" मुलीला हे फार गोड वाटलं. तिने शेजारच्या मुलीलाही सांगितलं.

गाडीत आई तणतणत होती. "चाळीस वर्षं झाली. डेंटिस्टकडे तेच, लायसन्सला तेच. मोहन माझं माहेर म्हणे! ह्यांच्या आई असत्या तर..." सिग्नल लाल झाला. आई बोलायची थांबली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला.

"काय गं," आई म्हणाली, "पण ह्या सगळ्यांना असंच का वाटतं?"

"कारण इथे पूर्वी बायका माहेरचं आडनाव मधे..."

मी गाडी एका फार्मसीच्या पार्किंगमध्ये घेतली.

"हेल तिचं माहेर आहे," आई म्हणाली.

"आणि बाबा..."

"बाबा थर्मास घेऊन तिच्या बापाला शोधत होते. व्हिटकोमांच्यात."

दुपारी आम्ही गावाच्या लायब्ररीत स्थानिक इतिहासाच्या खोलीत होतो. तिथल्या स्वेटर घातलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसला, आत गेले, आणि जे आम्हाला तीन दशकांत मिळालं नव्हतं ते तासाभरात टेबलावर आणून ठेवलं. स्पायरलने बांधलेलं, टाइप केलेलं 'हेल कुटुंबाचा इतिहास'. ओहायोतले कुंभार, पिढ्यान् पिढ्या. सहा मुली. मुलगी सासरी निघाली की बाप तिच्या नावाची एक बरणी घडवायचा. चौथी मुलगी लविनिया, लग्न ऑरिन व्हिटकोमशी, वॅगनमधून मिशिगनला. सात मुलं, त्यातली चार मोठी झाली. जनगणनेत कामाच्या रकान्यात तिच्यापुढे दर वेळी एकच नोंद: घर सांभाळते.

ऑरिनच्या थडग्यापाशी बाबा निदान तीनदा सँडविच खाऊन आले होते.

"मग तिथे हिचं नाव कसं दिसलं नाही त्यांना?" आई म्हणाली.

दिसणार कुठून? गृहस्थांनी फोटो दाखवला. ऑरिनचं नाव ठळक, आणि खाली लहान अक्षरांत 'त्याची पत्नी'. नुसतंच. वर्तमानपत्राच्या कात्रणांतही तेच. 'मिसेस ओ. व्हिटकोम यांच्याकडे पाहुणे'. 'मिसेस ओ. व्हिटकोम आजारी'. काउंटीच्या जत्रेत काकडीच्या लोणच्याला दुसरं बक्षीस, मिसेस ओ. व्हिटकोम.

"दुसरं?" आई म्हणाली. "पहिलं कोणाला?"

"मिसेस जे. टटल."

"तिचंही नाव नाही दिलेलं." आईने चष्मा काढला. "म्हणजे तिचं पूर्ण नाव फक्त आपल्या बरणीवर आहे."

ही गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर देशपांडे काकांना आवडली असती. पण आईचं बोट पुढे सरकत होतं. ऑरिन लविनियाच्या नंतर नऊ वर्षांनी वारला होता. तेही युद्धात नाही, वयाने.

"म्हणजे सवाष्ण गेली," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि मी मधली कितीक वर्षं तिला नुसती हळद लावली. त्या देशपांड्यांच्या नादी लागून."

"नंतर लावलंस ना."

"ते वेगळ्या कारणाने लावलं."

पुस्तिका जिने लिहिली तिच्या घरचं कोणी अजून आहे का, असं मी त्या गृहस्थांना विचारलं. "तिची भाची आहे, कॅरल. लविनियाच्याच वंशातली," ते म्हणाले. "माझी मुलं ती चालवायची त्याच स्कूलबसमधून जायची. थांबा, तिला फोन करतो."

रविवारी आम्ही निघालो. तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे कापलेल्या मक्याची शेतं, आभाळ फिकट आणि स्वच्छ. बरणी मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून. आईने रेशमी साडी, त्यावर हिवाळी कोट, पायात बूट असा वेश केला होता. ओठ हलत होते. इंग्रजी भाषण पाठ करत होती. मी गाडी चालवत होते आणि मला काळजी होती ती निराळीच. समजा दिली बरणी, आणि नंतर आई म्हणाली की आता माझं कशातच मन लागत नाही, तर?

कॅरल सत्तरीची, उंच, पांढरी वेणी, पायात रबरी बूट. तिने दार उघडलं आणि आधी कुत्रा आला, मग ती. आईने भाषण सुरू केलं. "डिअर कॅरल, धिस पॉट बिलाँग्ज टू युवर ग्रेट..." आणि किती वेळा ग्रेट म्हणायचं हे तिला आठवेना. तिने चार वेळा म्हटलं.

"दोनदा पुरे," कॅरल म्हणाली, आणि वाकून तिने बरणीत तोंड घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. "ओ माय गॉड. हा वास कसला आहे?"

"हिंग," आई म्हणाली. "आणि मोहरी, मेथी. चाळीस वर्षांचा आहे. जाणार नाही. आय ॲम सॉरी."

"सॉरी? मला खायला कधी मिळेल ते सांग."

आईने पर्समधून बाटली काढली. कॅरलने पाव आणला. स्वयंपाकघरात उभ्यानेच दोघींनी खाल्लं. कॅरलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने आणखी घेतलं. मग तिने लविनियाचा फोटो दाखवला. रुंद जबडा, मधोमध भांग, फोटोग्राफरवर विश्वास नसल्याची मुद्रा.

"माझ्या मावससासूंसारखी दिसते," आई म्हणाली. फोटोतल्या बाईकडे ती बराच वेळ बघत राहिली, ओळख पटवत असल्यासारखी. मग बरणी हाताने पुढे सरकवली. "टेक. तुमच्या माणसाची वस्तू."

कॅरलने बरणीवर हात ठेवला. नावावरून अंगठा फिरवला. "शैला," ती म्हणाली, "आमच्या घरात ही शंभरेक वर्षं असेल, आणि शेवटी कोणी रस्त्यावर ठेवून दिली. तुझ्याकडे चाळीस. आणि तू तिला रोज कामाला लावलंस. तुझ्याकडेच राहू दे."

आईचा चेहरा पडला. मी तिला ओळखते. ठरवलेलं देणं घेतलं नाही की तिला अपमान वाटतो. "नो, नो. आय प्रॉमिस्ड."

"कोणाला?"

"तिला," आई म्हणाली, फोटोकडे बोट दाखवून.

कॅरल हसली नाही. तिने नुसतं तळघराचं दार उघडलं आणि दिवा लावला. "ये. बघ. मग ठरव."

आम्ही खाली उतरलो. भिंतीला लागून, फळ्यांवर, वॉशिंग मशीनवर, जिन्याखाली, सगळीकडे करड्या बरण्या. निळ्या पक्ष्यांचा थवाच. पाच बहिणींच्या पाच, आणि नाव नसलेल्या वीस-बावीस. एकीत दोऱ्या, एकीत ख्रिसमसचे दिवे, एकीत कुत्र्याचं खाणं.

"मुलं एकही घेत नाहीत," कॅरल म्हणाली. "जो येईल त्याला मी विनवते."

आई शेवटच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग कोटाची बटणं हलेपर्यंत. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. कॅरल तिच्या शेजारी बसली, दोघींचे बूट एका पायरीवर, आणि का ते नीटसं न कळता तीही हसायला लागली.

"चल गं," आई शेवटी डोळे पुसत मला म्हणाली. "ह्यांचा पसारा बघ. आपलं एका गाडीत मावेल. तुझ्याकडे मोहरी आहे ना चांगली, का जाता जाता घ्यायची?"

मी म्हटलं, घेऊ.

निघताना लविनियाबाईंची बरणी पुन्हा सीटबेल्टमध्ये बसली, पण कॅरल आम्हाला तेवढ्यावर जाऊ देईना. तिने फळीवरून एक बरणी स्वतः निवडली, बाहीने पुसली आणि आईच्या हातात दिली. हेलांच्या हातची, ती म्हणाली. दीडशे वर्षं झाली, अशी माती आणि अशी भाजणी पुन्हा झाली नाही. आईने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

आता हर्नडनला आमच्याकडे दोन बरण्या आहेत. कॅरलने दिलेली गळते.